अप्पांच्या विहिरीतले थर

रविवार, संध्याकाळ. दुबलगुंडी.

आज मी शिकवते त्या वर्गातल्या मुलींना आमच्या शेतातल्या विहिरीत उतरवलं. पाणी आटलंय, त्यामुळे थर स्वच्छ दिसतात. वर काळी माती, मग मुरूम, तळाशी काळा दगड. ही विहीर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, स्वतः खणली. मी लहान असताना ते माझा तळहात मुरमावर टेकवायचे. "गार लागायलंय का? म्हंजे पाणी जवळ आलं."

पुढे मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायला लागले आणि सुट्टीत घरी येऊन त्यांना ऐटीत सांगितलं, पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची आहे. ते म्हणाले, "गुरुजी पूजेच्या संकल्पात युगं-मन्वंतरं सांगतात, त्या हिशेबानं दोनशे कोटी बी भरत न्हाईत." मी घरी आलेल्या पाहुण्यांसमोर हसले. म्हणाले, "अप्पा, ते सगळं थोतांड हाय." ते उठून गोठ्याकडे गेले. असं कामून बोलले मी? मुरमावर हात टेकवून थर ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं ना? माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

आज एका मुलीनं नेमकं तेच विचारलं. "मॅडम, आमचे आजोबा पृथ्वीचं वय दुसरंच सांगतात. ते खोटं बोलायलेत का?"

"न्हाई गं," मी म्हणाले. "ते कसं मोजतात ते आधी नीट ऐकून घे. मग आपण दगडाचं वय कसं काढतो ते त्यांना समजावून सांग. पण हसू नको."

अप्पा असते तर मी हे त्यांच्यासमोर म्हणाले असते. पण अप्पा होते, तेव्हा मला एवढंही कळत नव्हतं.