रिलीव्हर आली नाही

सोमवार
नोकरीचा पहिला दिवस! कोरा करकरीत गणवेश, पांढरे बूट, आणि लेकीला नणंदेकडे सोडताना आम्ही दोघीही चक्क रडलो नाही. वॉर्डातल्या एका आजोबांनी सगळ्यांना विचारलं, ही किती दिवस टिकणार? मीही हसले. इथला नियम सोपा आहे. पुढच्या पाळीची सिस्टर, म्हणजे रिलीव्हर, येऊन औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या हातात घेत नाही, तोवर वॉर्ड सोडायचा नाही. मला किल्ल्या देणाऱ्या सिस्टरचा हात गार पडला होता. बिचारी इतकी दमली होती की आभार मानता मानता रडलीच.

मंगळवार
काल रिलीव्हर आलीच नाही. भरलेला वॉर्ड आणि मी एकटी. एकीचं सलाईन बघावं तर दुसरा उलटी करतो. पोटात अन्नाचा कण नाही. प्रशासक साहेबांकडे माणसं मागितली. म्हणाले, सगळ्याच जणी रडगाणं गातात आणि पळतात. मग निदान कालच्या सिस्टरला बोलवा म्हटलं, तर त्यांचा चेहरा उतरला. ती शनिवारीच ड्युटीवर कोसळून वारली, म्हणाले. तिला रिलीव्हर देणं जमलं नव्हतं.

बुधवार
किल्ल्या टेबलावर टाकून निघाले. दार ओलांडलं, तर पुन्हा वॉर्डातच. किल्ल्या हातात. पुन्हा निघाले. पुन्हा तेच.
नणंदेचा फोन आला. लेकीला ताप आहे, आई आई करतेय. मी ढसाढसा रडले. शनिवारी वारलेली ती सिस्टर शेजारी येऊन बसली. म्हणाली, किल्ल्या कुणीतरी आपणहून घेतल्याशिवाय सुटका नाही.

गुरुवार
आजोबा गेले. ऑक्सिजन संपला तेव्हा मी पलीकडच्या टोकाला होते. ठपका माझ्यावरच. साहेब, तुमचं वाटोळं होवो.
रिलीव्हर म्हणून नवी मुलगी आली. हसत हात पुढे केला. देऊन टाकाव्यात, लेक वाट बघतेय— नाही दिल्या. हाकलून दिलं तिला. या किल्ल्यांचा धनी वेगळा आहे.

शुक्रवार
कपाटातली औषधं चोरीला जातायत, असा साहेबांना खोटाच निरोप धाडला. माणसं मेली तेव्हा फिरकले नाहीत, आता धावत आले. किल्ल्या आण इकडे म्हणाले. घ्या.

घेतल्या. त्यांना दार सापडत नाहीये. रिलीव्हर पाठव म्हणून विनवतायत. नाही पाठवणार. मरेस्तोवर नाही—

सगळ्या कॉटवरून हाका. सिस्टर, सिस्टर— साहेबांना साधी सलाईनची बाटली बदलता येत नाही— ती बाई निळी पडतेय— मी दारात उभी— बाळा, आई निघा