सामना सोडला

मानसरोवर, जयपूर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

उभ्यानेच नमस्कार करते. साष्टांग घालायचे दिवस माझ्या गुडघ्यांनी संपवले, आणि तुझ्या गुडघ्याचं तर विचारायलाच नको.

इकडे सगळं ठीक. थंडी ओसरली. सकाळी गच्चीवर उन्हात बसावं म्हटलं तर तासाभरात ते डोक्यात चढतं. प्रसन्नला ऑफिस सुटत नाही आणि ऑफिसला प्रसन्न. पत्रासोबत इथली तिळाची गजक पाठवली आहे. ईश्वरीला सांग, डब्याचं झाकण घट्ट लाव, तुमच्याकडच्या हवेत ती लगेच सादळते. तू एका वेळी दोनच खा. साखरेचं मला माहीत आहे.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. डिसेंबरपासून तू माझा फोन घेत नाहीस म्हणून. आणि हा सगळा घोळ फोननेच केलेला आहे, तेव्हा तो निस्तरायला मी फोनवर विसंबणार नाही. पत्र दोनदा वाचता येतं. दोनदा वाच.

काल ईश्वरीने मला फोन केला. तुला न सांगता केला, पण तिला बोलायचं नाही. सासऱ्याचं गाऱ्हाणं सांगायला सुना करतात तसला तो फोन नव्हता. पोरगी रडकुंडीला आली होती. म्हणाली, दादा मैदानावर जायचे बंद झालेत. संध्याकाळ झाली की शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर पडणारा माणूस टीव्हीसमोर बसून राहतो, आणि टीव्हीही बंद असतो. पोरं बोलवायला आली तर तू त्यांना म्हणालास म्हणे, ज्याच्या घरातल्या पोराने सामना सोडला त्याने तुम्हाला कबड्डी काय शिकवायची.

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

"सामना काय केला म्हणाले?"

"सोडला, आत्या. पैसे घेऊन. संग्रामने स्वतःच कबूल केलं म्हणतात."

दादा, मी खुर्चीत बसले, आणि हसायला लागले. ईश्वरीला वाटलं असेल, आत्याचं काहीतरी बिनसलं. पण मला एवढं सुटल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की तू संग्रामवर चिडलास तो अंतिम सामना खेळला नाही म्हणून. त्या रागाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या रागाला आहे.

नीट वाच. संग्राम सामना खेळला नाही. त्याने सामना सोडला नाही.

माझा नातू जयपुरात जन्मला, हिंदी शाळेत शिकला. मे महिन्याच्या सुट्ट्यांत सांगलीला येऊन तुझ्याकडून जेवढी मराठी उचलली तेवढीच त्याची मराठी, आणि तिच्यातही निम्मी मैदानावरची ओरड. हिंदीत 'मैच छोड़ दिया' म्हणजे खेळायला गेलो नाही. त्याचं त्याने मराठी केलं. सांगलीत 'सामना सोडला' म्हणजे पैसे खाऊन मुद्दाम हरला. तुमच्याकडे या एका शब्दावरून माणसाला गावातून उठवतात हे त्या पोराला कुठून कळणार? खरं तर दोष माझाही आहे. डिसेंबरपासून घरात तो 'मी फायनल सोडली' असंच म्हणतोय आणि मला एकदाही खटकलं नाही. चाळीस वर्षांत माझे कान जयपूरचे झाले.

तुमचं फोनवरचं बोलणं मी त्याच्याकडून काल अक्षरशः वदवून घेतलं. तो म्हणाला, "दादाआजोबा, मी फायनल सोडली. आम्ही हारलो." तू विचारलंस, मुद्दाम सोडलीस? तो म्हणाला, "हो, सोच-समजून. पुढे प्रो टीम आहे ना." तू विचारलंस, कुणाच्या सांगण्यावरून? तो म्हणाला, "ते नाव मी नाही सांगू शकत." तू फोन ठेवलास.

सांगलीच्या कानांनी हे ऐकलं तर मीही ठेवला असता.

ते नाव कुणाचं, ते लिहिते. आधी सामन्याचं सांगते, कारण तुला कुणी धड सांगितलेलं नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धा यंदा इथेच होती. उपान्त्य सामन्यात चढाई करताना संग्रामचा उजवा गुडघा मुरगळला. सूज फार नव्हती. महाराष्ट्र मंडळात येणारी डॉक्टर अनुया हाडांचीच आहे, तिला दाखवलं. ती म्हणाली, पट्टी बांधून खेळता येईल; काही होणार नाही असंही होईल, आणि आतली शीर तुटेल असंही होईल. पंधरवड्यावर व्यावसायिक लीगमधल्या एका संघाची निवड चाचणी होती. त्यांनी त्याला नावानिशी बोलावलं होतं.

तो खेळला नाही. पण घरी लपूनही बसला नाही. मी म्हटलं होतं, जाऊ नकोस, लोक बोलतील. तो म्हणाला, "आजी, खेळणार नाही तर निदान दिसायला पाहिजे." विद्यापीठाचा ट्रॅकसूट घालून तो राखीव खेळाडूंच्या बाकावर सगळ्यात कडेला बसला, जिथे प्रेक्षकांना हात लांब केला तर लागेल. मी मागून तिसऱ्या ओळीत बसले. एकटी. प्रसन्न आणि प्रियंका टीव्ही लावून घरी थांबले, आईबापांना असलं बघवत नाही म्हणे.

पहिल्या डावात आपली पोरं मागे पडली तशी ओरड सुरू झाली. भगोड़ा, भगोड़ा, म्हणजे पळपुटा. माझ्या मागे बसलेला एक मुलगा तर शेंगदाणे खात तालावर ओरडत होता. मी वळून त्याला हिंदीत सांगितलं की मी त्या भगोड्याची आजी आहे, आणि माझ्या कानापाशी ओरडायचं असेल तर आधी तोंडातलं गिळ. तो वरमला. मग म्हणाला, "सॉरी आंटी. पर खेलना तो चाहिए था." मी विचारलं, गुडघा कुणाचा आहे? त्याने थोडा विचार केला आणि शेंगदाण्यांचा पुडा माझ्यापुढे धरला. मी घेतले. चांगले भाजलेले होते.

आपण हरलो. थोडक्यात हरलो, म्हणजे संग्राम असता तर कदाचित जिंकलो असतो. हे मी झाकणार नाही. कर्णधार सुखदेव इथल्याच एका गावचा आहे, त्याला कुठल्या लीगचं बोलावणं नव्हतं. त्याच्यासाठी आणि बाकीच्यांसाठी हाच शेवटचा मोठा सामना होता. सामना संपल्यावर संग्राम त्याच्याकडे गेला, तर सुखदेव पाणी प्यायला, त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि तो दुसरीकडे बघत निघून गेला. संग्राम तसाच हात पुढे करून उभा होता. दादा, ते बघणं सोपं नव्हतं. त्या पोरांचं काहीतरी आम्ही घेतलं, हे मला माहीत आहे. तरीही तोच निर्णय मी पुन्हा घेईन.

'मी' लिहून गेले. असू दे. तेच लिहायचं होतं.

संग्राम खेळणार होता. पट्टी बांधून, बूट घालून तयार होता. तुझंच शिकवलेलं पोर ते, दुसरं काय करणार? सकाळी तो माझ्या पाया पडायला आला. वाकताना त्याने उजवा गुडघा नकळत बाहेर काढला, हलकासा. डॉक्टरला दिसला नसेल. मी ती वाकण्याची पद्धत अठ्ठेचाळीस वर्षं बघतेय. तू तसाच वाकतोस.

मी त्याला म्हणाले, पट्टी सोड. आज तू खेळणार नाहीस.

तो पुष्कळ बोलला. टीमचं, सुखदेवचं, तुझं. दादाआजोबा काय म्हणतील, हेच दहादा. मी म्हणाले, दादाचं मी बघते, पण माझं नाव त्याला सांगू नकोस. हे मी का म्हणाले? तुला घाबरले म्हणून. मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन म्हणून मी अर्ध्या राजस्थानला धाकात ठेवलं, आणि सांगलीच्या एका शिट्टीवाल्याला घाबरले. पोराने शब्द पाळला. तू खोदून विचारलंस तरी पाळला. त्याच्या गप्प बसण्यात तुला कुणीतरी सट्टेवाला दिसला. तो सट्टेवाला मी.

आता का घाबरले ते. सत्त्याहत्तर सालचा तुझा अंतिम सामना. तेव्हाही गुडघा सुजलेला होता. तेव्हाही पुढच्या आठवड्यात रेल्वेच्या संघाची निवड होती. तू खेळलास, शेवटची चढाई तुझी होती, तीन गडी मारून तू मध्यरेषेवर पडलास आणि आपण जिंकलो. ही गोष्ट आपल्या घरात दर दसऱ्याला त्या विजयाची ढाल पुसताना सांगतात. आप्पा सांगायचे, आता तू सांगतोस, संग्रामला तर ती माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

मी तिथे होते, दादा. बायकांच्या बाजूला, दोरीला लागून, तुझा सदरा हातात घेऊन. लोकांनी तुला उचललं आणि खांद्यावर घेऊन नाचले. पूर्ण मैदानाला फेरी मारली. सगळ्यांचं लक्ष तुझ्या तोंडाकडे होतं आणि तू हसत होतास. मी खाली होते म्हणून मला तुझा पाय दिसला. तो लोंबत होता. गुडघ्याखालून निराळ्याच दिशेला. तू खांद्यावर होतास म्हणून तुला उभं राहता येत नाही हे कुणाला कळलंच नाही.

पुढच्या आठवड्यात रेल्वेची निवड झाली, तुझ्याशिवाय. पुढे तू हळदीच्या अडतीवर चिकटलास आणि तिथूनच निवृत्त झालास. त्याबद्दल तू कधी कुरकुर केली नाहीस. आम्ही कुणी विचारलंही नाही. ढाल होती ना. ज्या दिवशी तुझं सगळं गेलं तो दिवस आम्ही सण म्हणून साजरा करत आलो. दसऱ्याला मी तिकडे आलेली असले, तरी सगळे टाळ्या वाजवतात तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. तुला वाटत असेल, नीलूला खेळातलं काही कळत नाही.

हे तुला दुखवायला लिहिलेलं नाही. तो सामना तुझा होता, तू तो खेळलास, आणि त्याची लाज वाटावी असं त्यात काहीही नाही. मात्र तो गुडघा मला माझ्या नातवाला वारसा म्हणून द्यायचा नव्हता.

आता चांगलं. गेल्या महिन्यात चाचणी झाली. संग्रामला तिथे सुखदेवच स्कूटरवरून घेऊन गेला. बोलावलं नव्हतं, दारात येऊन हॉर्न वाजवत उभा राहिला. सबंध रस्ताभर एक शब्द बोलला नाही म्हणे, पण प्रत्येक खड्डा चुकवत गेला. परवा निकाल आला. संग्रामला घेतलंय. पहिलं वर्ष राखीव म्हणून, पण घेतलंय. प्रियंकाने पेढे वाटले, प्रसन्न ऑफिसातून लवकर आला, आणि ज्याचं कौतुक तो पोरगा मोबाइलवर तुझा नंबर काढून बघत बसला होता. लावत नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "त्यांना मतलब, माझी शरम येते ना?"

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तू त्याला काय समजून बसला होतास ते त्याला कळता कामा नये. हे तुझ्यामाझ्यात राहील. ईश्वरीलाही बजावलं आहे.

त्याचं शिबिर पुण्याला आहे. त्याआधी तो सांगलीला तुझ्याकडे येतोय, येत्या रविवारी सकाळी. तिकीट मी काढलं. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. तेव्हा शनिवारी मैदानावर जा. पोरांना सांग की शब्द ऐकण्यात तुझी चूक झाली, नातवाची काही चूक नाही. तुला जड जाईल. मला हे पत्र लिहिणं जड गेलं, तरी लिहिलं.

तो आला की त्याच्याशी मराठीतच बोल, पण सावकाश. त्याने काही भलतंच म्हटलं तर आधी विचार, तुला काय म्हणायचंय. आणि त्याला 'सोडणे' आणि 'न खेळणे' यातला फरक तूच शिकव. मी शिकवायला गेले की तो परीक्षेला बसल्यासारखा बसतो.

रविवारी खिडकीत बस. कोपऱ्यावर रिक्षा थांबेल. तिथून तुझ्या दारापर्यंत तो स्वतःच्या पायांनी चालत येईल. तेवढं बघ, आणि मग दार उघड.

तुझी,
त्या दिवशी सदरा धरून उभी असलेली
नीलू