मुलांना झोपवण्याची माझी पद्धत

३ मार्च, सोमवार.
शुक्रवारी दुपारी तीनला बायकोचा इंटरव्ह्यू. घरूनच, लॅपटॉपवर. धाकट्याच्या जन्माआधीच नोकरी सोडलेली, त्यानंतर आलेला हा पहिलाच कॉल. तिनं धसकाच घेतलाय. सासूबाई म्हणाल्या, मुलांना मी घेऊन जाते. साफ नकार दिला. बाप कशाला आहे मग? आठवडाभराची रजाच टाकली. शुक्रवारी तीनच्या आत दोघं गाढ झोपलेली असतील. शब्द दिलाय.

४ मार्च.
सराव सुरू. पडदे ओढले, दोघांना दोन बाजूंना घेतलं, थोपटत राहिलो. थोरली चार वर्षांची, पण चहाडखोर. आईला जाऊन सांगते, बाबा घोरत होता. साफ खोटं. डोळे मिटून उदाहरण घालून देत होतो.

५ मार्च.
धाकट्यानं नाकावर ट्रक हाणला. दीड वर्षाच्या मानानं नेम चांगलाय. पद्धतीत किरकोळ सुधारणा: ट्रक कपाटावर. बायकोनं विचारलं, आईला बोलावू का? मी चिडलोच. विश्वास म्हणून काही असतो की नाही?

६ मार्च.
थोरली आज स्वतःहून थोपटायला बसली. आधी धाकट्याला, मग मला. शिकवलेलं वाया जात नाही!
बायको धड जेवली नाही. म्हणाली, हे हातचं गेलं तर मला परत कोण विचारणार? मी तिचं ताट पुन्हा पुढे सरकवलं. म्हटलं, तू उत्तरांचं बघ, बाकी माझ्यावर सोड.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी चार.
फत्ते! घरात चिडीचूप. मीही आत्ताच उठून बसलो. दोघं शेजारी दिसत नाहीत, म्हणजे झोप पूर्ण करून शहाण्यासारखी खेळत असणार.

संध्याकाळी.
दोघं इंटरव्ह्यूभर बायकोच्या मांडीवर होती. थोरलीनं पलीकडच्या साहेबांना दटावलं म्हणे, हळू बोला, बाबाला मी आत्ताच झोपवलंय. धाकट्यानं कीबोर्डवर ट्रक चालवला. बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. डोळे पुसून भांडी घासायला लागली. मला फार वाईट वाटलं. ट्रक कपाटावरून कोणी काढला, याची मात्र चौकशी झालीच पाहिजे.

१० मार्च.
फोन आला. दुसऱ्या फेरीला बोलावलंय! सगळ्यात आधी मीच नाचलो. लगेच नवी योजना सांगायला घेतली, तर बायकोनं हातानंच थांबवलं. मुलं सासूबाईंकडे जाणार. ती मैत्रिणीच्या घरून बोलणार. मी काय करू, विचारलं. म्हणाली, तू ऑफिसला जा.
थोरली तेवढी काळजीत पडलीय. आजीला फोनवर विचारत होती, मग बाबाला कोण झोपवणार?