जोडली की रिव्हर्स नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

जाणार म्हणे! एकटी! वर्षभर! अडुसष्टाव्या वर्षी ताईला शिंगं फुटली आहेत. फाटकात घरगाडी आणून उभी केली — आत ओटा, संडास, वर एक बिछाना, खाली एक — आणि मला म्हणते, "लंब्या, हिच्यामागे जीप जोडून दे. ट्रेलरबिलर नको. जीप स्वतःच्या चार चाकांवर मागून यायला हवी."

जीप भाऊजींची. ते गेल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली, जीपही आली. नऊ वर्षं झाली. ताई वरच्या खोलीत, जीप माझ्या वर्कशॉपात.

"जीप कशाला पण?"

"मोठ्या गाडीचा रस्ता संपला की पुढे जायला."

चाळीस वर्षं भूगोल शिकवला बाईंनी. नकाशावर छडी फिरवली तेवढी पुरे, आता चाकं फिरवायची म्हणे.

नाही म्हणालो. मग मोजपट्टी घेऊन जीपखाली शिरलो. माझं हे नेहमीचंच.

५ फेब्रुवारी

जीपचा बंपर काढला. आतलं चासीचं लोखंड ठणठणीत! भाऊजी माणूस नीटनेटका. चासीला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या बसवायच्या, त्यांना टो-बारचे, म्हणजे ओढायच्या दांड्याचे, दोन हात, आणि ते पुढे घरगाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर एकत्र येणार. दांडा जमिनीला समांतर हवा. तिरका राहिला तर ब्रेक मारल्यावर जीप मोठीच्या पाठीवर चढायला बघेल. मोजलं — सात इंचांचा फरक. म्हणजे गोळा वर घ्यायला वेगळा तुकडा करावा लागणार.

करू. घाई कुणाला आहे?

८ फेब्रुवारी

तुकडा झाला. वेल्डिंग असं आलंय की बघत राहावं. ताई चहा घेऊन आली, म्हणाली, "छान. अजून किती दिवस?"

छान म्हणाली ते राहिलं बाजूला. 'किती दिवस' तेवढं डोक्यात बसलं.

११ फेब्रुवारी

इथे खरं लिहायचं ठरवलंय, तर लिहितो. पट्ट्यांचे आठ बोल्ट आज आले. खास ताकदीचे, डोक्यावर आकडे कोरलेले. ताईनं विचारलं, "आले का?" तोंडातून निघून गेलं, "नाही अजून."

तिसऱ्या खणात, चिंध्यांखाली आहेत.

१२ फेब्रुवारी

"आले?" — "नाही."

१४ फेब्रुवारी

खाई त्याला खवखवे. तिसऱ्या खणाकडे ताईनं नुसतं बघितलं तरी माझ्या हातातला पाना पडतो.

बोल्ट नाहीत तोवर बाकीची कामं उरकली. मागच्या दिव्यांच्या वायरी ओढल्या. दांडा सुटलाच तर जीप धरून ठेवायच्या साखळ्या मापात कापल्या. एक कागद करून घरगाडीच्या काचेपाशी चिकटवला: जीपची छोटी गिअरदांडी न्यूट्रलला. हँडब्रेक सोडलेला. किल्ली लावलेली, म्हणजे स्टिअरिंग मोकळं. साखळ्या दांड्याखाली, फुली मारून. बोल्ट पन्नास किलोमीटरला तपासायचे, मग दोनशेला, मग पाचशेला. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत — जोडली की रिव्हर्स नाही!

ताईनं वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. मग म्हणाली, "शुद्धलेखन सुधारलंय तुझं."

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

सकाळी मी दाताच्या डॉक्टरकडे. ताईला कुठला धीर! "तुझे बोल्ट येईपर्यंत मी म्हातारी होईन," म्हणाली होती काल. मी हसलो होतो. गाढव मी. मी बाहेर पडल्यावर तिनं डब्यातले साधे बोल्ट काढले, स्वतः आवळले, जीप जोडली आणि गेली शाळेच्या मैदानावर सराव करायला.

परत आलो तर शेड रिकामी! तसाच पळत सुटलो. त्रेसष्टाव्या वर्षी, अर्धा गाल बधिर.

ती मैदानाच्या कोपऱ्यात अडकलेली. समोर भिंत. कागद तोंडपाठ असूनही शेवटी हातानं रिव्हर्स टाकलाच — फूटभरच. जीपची पुढची चाकं वळली, दांडा वाकडा झाला, एक बोल्ट तुटला, दुसरा वाकला. रस्त्यावर, भर वेगात तुटला असता तर?

"सॉरी रे," ती म्हणाली. ती मला सॉरी म्हणाली!

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं. तिसरा खण, चिंध्या, सगळं.

एवढं चिडलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. "पाच वर्षांच्या पोराला शोभतं हे! जीव गेला असता माझा!" मी मान खाली घालून उभा. मग तिनंच विचारलं, "का पण?"

"तू गेलीस की घर खायला उठेल मला."

असं कधी बोललो नव्हतो कुणाशी. ताई जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाली, "सोड आता हिला. मी चालवत नेते. तू मोठी आण."

१६ फेब्रुवारी

बोल्ट स्वतः खणातून काढून तिच्या हातात दिले. आठही मोजून घेतले बाईनं. आवळताना ती बाजूला उभी राहिली, माझी परीक्षा असल्यासारखी. वाकलेला दांडा फेकला. नवा करतो.

१९ फेब्रुवारी

ताई जरा नीट बोलायला लागली. म्हणजे कामं सांगायला लागली. "खालचा बिछाना लांब कर. सव्वासहा फूट."

"कशाला? तू पाच फुटांची."

"पुस्तकांची खोकी ठेवायचीत."

मी सुतार आहे का? नाही म्हणालो. दुपारी करवत काढली.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवा दांडा चढवला. मैदानावर दहा फेऱ्या! जीप मागून अशी गुमान येते की आरशात बघावं तेव्हा हजर. ब्रेक मारला, वळवली, चढावर थांबवली. काही म्हणजे काही नाही! ताई खिडकीतून ओरडली, "लंब्या, जमलं!"

जमलं. मला इतका आनंद झाला की जमल्यावर ती जाणार आहे हे विसरलोच. घरी येऊन हात धुताना आठवलं. तरी गंमत म्हणजे, आनंद गेला नाही. आपल्या हातचं काम तिला सांभाळून नेणार. तेही काही कमी नाही.

२८ फेब्रुवारी

सामान भरलं. पुस्तकांची खोकी जीपमध्ये ठेवली तिनं. मग बिछाना कशाला वाढवून घेतला? विचारलं तर म्हणे, "तुला सगळंच आत्ता कळायला हवं का?" निघताना कोण भांडणार.

ठरलं असं — पन्नास किलोमीटरपर्यंत मी बरोबर जायचं, तिथल्या स्टँडवर बोल्ट तपासायचे, आणि बसनं परत. "एक जोडी कपडे घे," म्हणाली. "जीपखाली शिरशील, मळशील."

१ मार्च, शनिवार

पन्नास किलोमीटरला आठही बोल्ट तपासले. घट्ट.

बस वेळेवर आली. ताई स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसली. बस वेळेवर गेली.

दोनशेला तपासले. घट्ट. पुढची तपासणी पाचशेला. खालच्या बिछान्यात माझे पाय अगदी सरळ होतात.