डावीकडचा स्पीकर

प्रिय धाकट्या,

बाबांच्या वाढदिवसाचा फोटो पाठवला, तर त्यात तुला बाबा दिसले नाहीत, स्पीकर दिसला. डावीकडचा उजवीकडे कुणी नेला, ताई तुला हजारदा सांगितलं हात लावू नकोस म्हणून, एवढंच तुझं उत्तर. नवा शर्ट घातला होता त्यांनी, मी शिवलेला. त्याबद्दल चकार शब्द नाही. झाडताना सरकला असेल, असं मी कळवलं, तर पुढच्या महिन्यात येऊन स्वतःच नीट लावतो म्हणालास. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फोनवर हे बोलता येत नाही. खाली दुकानात गिऱ्हाईक असतं आणि वर आले की बाबा असतात. म्हणून लिहायला बसले.

गेल्या सुट्टीत आलास तेव्हा काय थाट होता तुझा! टीव्हीभोवती चांगले पाच स्पीकर होते, तूच कधीतरी आणून दिलेले. तर म्हणे हे सिनेमाचं खूळ, गाणं ऐकायला दोनच लागतात, पण दणकट हवेत. मागचे दोन काढलेस, पुढचे दोन काढलेस, टीव्हीखालचा तो मधलाही काढलास आणि सगळे मित्राला देऊन मोकळा झालास. कुणाला विचारलंस? सिनेमातलं बोलणं सगळं त्या मधल्यातून यायचं, मी त्याचाच आवाज वाढवून ठेवला होता. आता बाबा नुसती चित्रं बघतात आणि कोण काय म्हणालं ते मी मोठ्यानं सांगत बसते.

बाबांचीच शिंपीकामाची टेप घेऊन तू भिंती मोजल्यास. सोफा कोपऱ्यात ढकललास, दोन्ही नव्या स्पीकरांपासून सारख्या अंतरावर एक खुर्ची मांडलीस आणि बजावलंस, ऐकायचं ते इथेच बसून. मी कुठं बसू विचारलं तर हसलास. मग बाबांना बसवून गाणं लावलंस. बाई अगदी समोर, मधोमध उभी राहून गातेय असं वाटतं ना, म्हणून विचारलंस. बाबा म्हणाले, "हो रे, अगदी मधोमध." तुझा चेहरा असा फुलला की मी तोंड मिटून घेतलं.

तेव्हापासून येईल त्याला बाबा ती खुर्ची दाखवतात. माझ्या मुलानं केलं हे सगळं, त्याला गाण्यातलं फार कळतं. दवाखान्यात घेऊन जाते ती मी, पण कौतुक तुझं. असो. त्याची मला सवय आहे, आणि तरी दर वेळी लागतं.

आता ऐक. बाबांचा डावा कान गेलाय. थंडीत ताप आला होता ना, त्यातच गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, परत यायचा नाही. तुला कळवायचं नाही असं बाबांनी मला शपथ घालून सांगितलं. तू तिकडे एकटा, उगाच जिवाला घोर नको. पण तुला सांगायला कशाला हवं होतं रे? आठवडाभर जेवताना तू त्यांच्या डाव्या हाताला बसत होतास. तू बोलत होतास आणि ते मान खाली घालून जेवत होते. जाताना मलाच म्हणालास, बाबा हल्ली अबोल झालेत, तू जरा बोलत जा त्यांच्याशी. मी! दिवसभर घसा फोडते ती मी. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं मोजलंस, खुर्चीत कोण बसणार ते तेवढं बघायचं राहिलं.

आणि तो स्पीकर मी सरकवला नाही. मी खाली एका कोटाची बाही जोडत होते, तर वरून काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. धावत गेले. बाबा कमरेला पट्टा बांधून तो धोंडा इंचाइंचानं उजवीकडे ओढत होते. घामानं निथळत होते, पण थांबेनात. शेवटी मीच हात लावला. दोन्ही स्पीकर शेजारीशेजारी ठेवले, खुर्ची तिरकी केली आणि गाणं लावलं. कितीतरी महिन्यांनी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरताना पाहिली मी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला सांगू नकोस. एवढ्या हौसेनं केलंय त्यानं."

काल तू येणार म्हणून त्यांना सांगितलं. हरखून गेले. आणि लगेच म्हणाले, तो यायच्या आदल्या दिवशी स्पीकर जागेवर नेऊ, तू एक बाजू धर. म्हणजे तू पुन्हा विचारणार आणि ते पुन्हा मधोमध म्हणणार. मी बाजू धरणार नाही, आणि त्यांनाही ओढू देणार नाही. म्हणून शपथ मोडून हे लिहिलं. ये तू, जरूर ये, पण कशाला हात लावू नकोस. जेवायला त्यांच्या उजवीकडे बस. ती माझी जागा आहे. तू असशील तेवढे दिवस तुला देते.

तुझीच,
ताई