आजोबांची रायफल आणि सहावं भोक

हॅमिल्टन, माँटाना
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप सॉल्वेग आत्यांना,

तुमच्या कॉलेजवाल्या भाचीचा, म्हणजे मारेनचा, मनापासून नमस्कार. नव्या श्रवणयंत्राची शिट्टी थांबली का? फोन केला तर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून ठेवून देता आणि मग बाबांना पत्रात विचारता की मारेनला काय झालं, म्हणून हे पत्रच लिहिते आहे. ग्रेट फॉल्सला बर्फ पडला असं ऐकलं. इकडे अजून नाही. घरचे सगळे खुशाल. आईचा ओव्हन तेवढा मध्यंतरी आजारी होता, त्याचं कारण मीच होते, ते पुढे येईल.

आनंदाची बातमी शेवटी सांगायची असं ठरवून बसले होते, पण माझ्यात तेवढा धीर नाही. आत्या, आजोबांची रायफल मला मिळाली!

तुम्हाला आठवतच असेल, शेवटच्या थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता आजोबांनी जाहीर केलं होतं की माझी रायफल थोरल्या मुलाला नाही आणि धाकट्यालाही नाही. नातवंडांपैकी जो स्वतः भरलेल्या काडतुसांनी, शंभर यार्डांवर, पाच गोळ्या एकमेकींच्या जास्तीत जास्त जवळ मारेल त्याला. (नातवंडं दोनच, मी आणि कॉर्विन. तरी सगळ्या टेबलाने एकट्या कॉर्विनकडे पाहिलं. मी तेव्हा रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि बटाटे वाढत होते.)

आमच्या या चुलतभावाचं तुम्हाला वेगळं काय सांगू. त्याच्या पाकिटात निशाणाचा एक कागद असतो. त्यावर तीन भोकं, तिन्हींवर मिळून एक नाणं ठेवलं तर झाकली जातील अशी. हा कागद त्याने लग्नांत दाखवला आहे, बँकेत दाखवला आहे, आणि आजोबांच्या दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात हॅमच्या सँडविचांसमोर उभं राहूनही दाखवला आहे. त्या दिवशी त्याने आणखी किती गोळ्या मारल्या होत्या आणि त्या कुठे गेल्या, हे विचारलं की म्हणतो, "त्या धरायच्या नाहीत. त्या माझ्याकडून गेल्या, रायफलकडून नाही." आपल्या खोऱ्यातले सगळे पुरुष असंच बोलतात, आणि दुर्दैवाने बाबाही. चांगली लागली ती रायफलची खरी ताकद आणि वाईट लागली ती मोजायची नाही! माझं म्हणणं असं की सत्य पाकिटात मावत नाही. मारलेली प्रत्येक गोळी धरायची. हे मी उन्हाळाभर घरात इतक्या वेळा बोलले की आई एकदा म्हणाली, "बाई गं, गोळ्या धर नाहीतर सोड, पण आधी ताटं उचल."

आजोबांचं ते जुनं २५७ रॉबर्ट्स काडतूस आता दुकानात क्वचितच दिसतं, त्यामुळे झाडलेल्या पितळी पुंगळ्या जपायच्या, साच्यात दाबून मापात आणायच्या, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची, हे आपल्याकडे सगळ्यांनाच येतं. (हे तुम्हाला सांगायला नको, पण कॉलेजात पहिल्यापासून सांगायची सवय लागते.) मात्र का आणि कसं, याला घरात एकच उत्तर: 'आजोबा असंच करायचे.' मी ठरवलं की या घरात एक गोष्ट तरी रीतसर होईल.

पहिली रीतसर गोष्ट म्हणजे मी पुंगळ्या साबणाने धुतल्या आणि वाळायला आईच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. पाणी जरा जास्त राहिलं होतं, ते ओव्हनच्या पोटात गेलं. ओव्हन दोन दिवस खोकला आणि तिसऱ्या दिवशी त्यातून निघालेल्या दालचिनीच्या रोलना दाराच्या कडीसारखी चव होती. बाबांनी तीन खाल्ले आणि म्हणाले, "काहीतरी वेगळं आहे, पण वाईट नाही." आईने तेव्हापासून माझ्या सगळ्या सामानाची रवानगी गॅरेजमध्ये केली.

दुसरी गोष्ट, मी तोल, लांबी, तापमान या सगळ्याकडे इतकं लक्ष दिलं की पुंगळीला तेल लावायचंच राहिलं. कोरडी पुंगळी साच्यात जी घट्ट बसली, ती बसली. मी दाबयंत्राच्या दांड्याला लोंबकळले. दांडा खाली आला, पुंगळीची कड तुटून हातात आली आणि बाकीची पुंगळी वर साच्यातच राहिली. मी रडवेली होऊन बाबांना बोलावलं. आत्या, ते रागावतील असं वाटलं होतं, तर ते इतके खूश झाले की शेजाऱ्याला हाक मारून आणलं. "अडकवलीस! अखेर अडकवलीस!" मग कपाटातून त्यांनी स्वतःचा अडकलेला साचा काढून दाखवला, त्यानंतर कॉर्विनच्या बाबांचा, म्हणजे रूने काकांचा, त्यानंतर आजोबांचा. खानदानी दागिने दाखवावेत तसे एका ओळीत मांडले आणि माझा शेवटी ठेवला. मला पदवी मिळाली तेव्हाही बाबांनी मला इतकं जवळ घेतलं नव्हतं.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजून घाम फुटतो. वेगवेगळ्या मापाची काडतुसं घेऊन मी दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर जात होते आणि माझ्या गोळ्यांचे पुंजके चर्चच्या जेवणाला आलेल्या लोकांच्या बुटांसारखे पसरत होते, एक इकडे, दोन तिकडे, एक दाराबाहेर. मी आलेख काढले. हवेतल्या ओलाव्याला दोष दिला, माझ्या श्वासाला दिला, बाबांच्या कॉफीच्या वासाला दिला. दारूच्या दाण्यांवर एक सिद्धांत तयार केला, तो ऐकवला तेव्हा बाबा आदराने गप्प बसले (त्यांना झोप आली होती). आणि मग एका शनिवारी रायफल पुसताना वरची दुर्बीण माझ्या हातात चक्क हलली. तळाचा स्क्रू ढिला होता! माझे सगळे आलेख त्या एका स्क्रूचे आलेख होते. मी तो घट्ट केला, आलेख शेकोटीत टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्याच शनिवारी पाच गोळ्या अशा शेजारी शेजारी बसल्या की मी मैदानात एकटीच ओरडले.

आता माझ्या स्वभावाप्रमाणे मी लगेच जाऊन कॉर्विनला स्क्रूचं सांगितलं, कारण तोही त्याच रायफलने मारणार होता. बाबांनी डोक्याला हात लावला. कॉर्विन म्हणाला, "मला स्क्रू नको सांगू ताई, माझ्याकडे दाढीवाल्याचं माप आहे." (हा दाढीवाला इंटरनेटवर असतो आणि रोज एक रायफल बदलतो.) त्या मापाने कॉर्विनची काडतुसं इतकी लांब झाली की आजोबांच्या रायफलच्या काडतुसं भरायच्या पेटीत ती मावेनात. एक एक हाताने नळीत घालायची वेळ आली. पण माघार घेईल तर तो कॉर्विन कसला.

कालचा दिवस स्पर्धेचा. शिकारीच्या हंगामाआधी रायफलींचा नेम जुळवायला अर्धं खोरं मैदानावर आलेलं. मैदान सांभाळणाऱ्या मिसेस डूगनना आम्ही पंच केलं. मी एक अट घातली: रायफल एकच आहे, नळी तापत जाते, तेव्हा एक गोळी मी, एक त्याने, असं आळीपाळीने मारायचं, म्हणजे कुणावर अन्याय नाही. दोघांचे कागद शेजारी शेजारी लावले. मी मारायची, उठायची. तो बसायचा, खाली बघून ते लांबलचक काडतूस घालायचा, मान वर करून मारायचा. पाच पाच झाल्या. मिसेस डूगन ओरडल्या, "बंदुका उघड्या! हात मागे!" आणि आम्ही कागदांकडे चालत गेलो.

त्याच्या कागदावर चार भोकं होती. माझ्या कागदावर सहा.

"हिने एक जास्तीची मारली!" कॉर्विन ओरडला. मिसेस डूगननी टेबलावरच्या रिकाम्या पुंगळ्या दाखवल्या, पाच माझ्या आणि पाच त्याच्या. मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बाळा, मान वर केल्यावर तू कुणाच्या कागदाकडे बघत होतास?"

मैदानाचा नियम असा की जास्तीची गोळी कुणाची ते कळत नसेल, तर ज्याचा कागद त्याने सगळ्यात वाईट भोक सोडून द्यावं. मिसेस डूगन तेच म्हणाल्या. बाबा मागून डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण, हो म्हण. आत्या, उन्हाळाभर मी साऱ्या जगाला सांगत आले की एकही गोळी सोडायची नाही. आता स्वतःचीच कशी सोडणार? मी म्हटलं, "सहाही धरा." कॉर्विनला तेवढंच हवं होतं. तो म्हणाला, "मग माझ्या चारच धरा." म्हणजे चार विरुद्ध सहा, आणि भोकं जितकी कमी तितका पुंजका लहान राहणं सोपं! त्यावर मी म्हटलं, धरा. बाबा तिथेच गवतावर बसले.

मिसेस डूगननी मोजपट्टी लावली. आधी त्याची चार मोजली. मग माझी सहा मोजली. मग चष्मा पुसून माझी पुन्हा मोजली. माझी सहा त्याच्या चारांपेक्षा जवळ होती! फार नाही, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, पण जवळ. कॉर्विन पुढे आला, माझ्या कागदावर अगदी मधोमध बसलेल्या भोकावर बोट ठेवून म्हणाला, "हे माझं आहे." मिसेस डूगन म्हणाल्या, "तर मग जन्मभर तिच्याच कागदावर मारत जा रे बाबा, तिथे तुझा नेम चांगला लागतो." अर्धं खोरं हसलं, आणि खरं सांगायचं तर कॉर्विनही हसला, आणि त्यानेच रायफल उचलून माझ्या हातात दिली.

बाबा घरी सरळ रस्त्याने आलेच नाहीत. आधी पेट्रोल पंप, मग धान्याचं गोदाम, मग कॅफे. प्रत्येक ठिकाणी उतरून सांगत होते, "सहा विरुद्ध चार! माझ्या पोरीने!" चार वर्षं मी कॉलेजात काय शिकते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, विचारायला त्यांना संकोच वाटायचा. काल कॅफेत गोड पाईचा तुकडा पुढे सरकवत म्हणाले, "तो दारूच्या दाण्यांचा सिद्धांत पुन्हा सांग. मी जागा राहीन." आईने कागद माझ्या पदवीच्या शेजारी टांगला आहे.

आतोबांना नमस्कार, मांजराला माझ्या वतीने खाजवावं.

तुमची लाडकी,
मारेन ट्वेट

ता. क. अडकलेला साचा तुमच्याकडेही एक आहे असं बाबा म्हणतात. खरं असेल तर पाठवा, ओळीत जागा ठेवली आहे.

ता. क. कॉर्विनने रायफलच्या सहाव्या हिश्श्यावर दावा सांगितला आहे. मी त्याला पट्टा देऊ केला आहे.

ता. क. आणि आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं ते. बाबांनी धरूनच ठेवलं आहे की रायफल माझी, म्हणजे यंदाच्या शिकारीच्या कॅम्पवर एल्क हरीण मीच मारणार. त्यांनी फ्रीजरसुद्धा रिकामा केला. आत्या, मी कागदाशिवाय कशावर कधी नेम धरलेला नाही, धरावासा वाटतही नाही, आणि त्यांचा चेहरा बघून हे सांगायची माझी छाती होत नाही. बाबा म्हणतात, तुम्ही मुलगी असताना डोंगरात आजोबांच्याही पुढे असायचात, पण ही रायफल तुम्हाला कुणी कधी धरू दिली नाही. तर तुम्ही कॅम्पला या, आणि ही तुमचीच इच्छा होती असं बाबांना सांगा. रायफल जुळलेली आहे, काडतुसं भरून ठेवली आहेत. आता एल्ककडे बघण्याएवढंच काम उरलं आहे, तेवढं तुम्ही करा.