सोळावा खण

४ ऑगस्ट २०२४, सावली

माझ्या हातानं केलेलं: सागवानी पेटी, सोळा सुटे खण, एकही खिळा नाही. सायकलच्या आरीचा तराजू — ग्रॅमचा शंभरावा भागही दाखवतो. पंधरा नाण्यांचे प्लास्टरचे ठसे. नाण्यांवरच्या पहलवी अक्षरांचा तक्ता, त्याला सहा वर्षं लागली. शिक्षण आठवी. नोकरी गडचिरोलीला, एसटीच्या वर्कशॉपात.

नाणी सगळी इराणच्या ससानी राजांची, चांदीची. साडेतेराशे वर्षांच्या अलीकडचं एकही नाही. सोळावा खण अजून रिकामा.

नागपूरचे नाण्यांचे व्यापारी अश्विनभाई महिनाअखेर पेटी पाहायला येणार. मागच्या प्रदर्शनात चारचौघांत म्हणाले होते, "मेकॅनिकला पहलवी काय कळणार?" येऊ द्या.

७ ऑगस्ट

वर्कशॉपातला माझा जोडीदार लालसू. घर सूरजागडाच्या पायथ्याकडे. आज डब्याच्या फडक्यातून एक नाणं काढलं. "भाऊ, तुमच्यासारखंच हाये ना हे?"

तसंच! मागच्या बाजूला अग्निवेदी, दोन्हीकडे एकेक पहारेकरी. पुढच्या बाजूला राजा असणार, पण त्यावर आणि मागच्या अक्षरांवर हळद, तेल, धूर यांचा जाड थर. त्यांच्या घरातला म्हातारा गेला की यात येऊन बसतो म्हणे. नवं धान आलं की पहिला दाणा यालाच. सध्या आत लालसूचा बाप, झाडूभाऊ.

ठशासाठी आठ दिवस मागून घेतलं. "मायले न सांगता आणलो," लालसू म्हणाला. "ठसा घ्या, तौला. पन धुवू नका."

वजन ४.२३ ग्रॅम. सोळाव्या खणात ठेवलं.

१० ऑगस्ट

धुतलं. राजाच्या कारकिर्दीचं वर्ष थराखाली होतं. वर्ष न वाचता अश्विनभाईंना काय दाखवणार? लिंबाचा रस, मऊ ब्रश, एक तास. पाणी मोरीत.

खुसरो दुसरा, वर्ष सव्वीस. स्पष्ट. वजन आता ३.९२. थर गेला ०.३१.

११ ऑगस्ट

बायको, रंजीता, सकाळी म्हणाली, "पेटीत हळद सांडवली काऊन जी?" पाहिलं. हळद नाही. वास आहे. हळद, धूर आणि नवा तांदूळ. फक्त सोळाव्या खणाला.

१३ ऑगस्ट

लालसूनं डबा उघडला नाही. "मायचा फोन होता. तीन दिवसांपासून जेवून नाई राह्यली. म्हणते, तुया बापाले कोनी धुतलं?"

त्याच्या आईला, इतवारीबाईला, नाणं घराबाहेर गेल्याचंही माहीत नव्हतं.

मी पान्याला तेल लावत बसलो. वीस वर्षं बुद्धविहारात अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा मी.

१४ ऑगस्ट

लालसूला सांगून टाकलं. तो पाना घेऊन बसखाली शिरला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ ऑगस्ट

रविवार. लालसूबरोबर त्याच्या गावी गेलो. इतवारीबाई भिंतीला टेकून बसलेली, गाल आत गेलेले. तिनं नाणं कानाला लावलं, मग गालाला, आणि मला परत दिलं.

"याच्यात कोनी नाई."

रागावली नाही. नुसतं विचारलं, "कुठी ठेवलं होतं?"

"पेटीत."

"कोनाच्या हातची पेटी?"

"माझ्याच."

"मंग तिथीच बसला असन तो. पाहुणा हाये तुया घरी. नवं धान येऊ दे, आमी वाजवत न्याले येऊ. तवरी पेटी कोनाच्या हाती देजो नोको."

"पण तुम्ही जेवा, बाई."

"पेटी तुया घरून हालली नाई तं जेवीन."

नाणं तिच्या हातात ठेवून आलो. ते सोडताना बोटं लवकर उघडली नाहीत — माझी.

१९ ऑगस्ट

दर महिन्याला सगळे खण रिकामे करून तोलतो. ओल धरली का ते कळतं. आजचा दिवस ठरलेला.

पहिले पंधरा: वजन मागच्या महिन्याएवढंच. जवसाचं तेल पाजलंय, ओल धरत नाहीत.

सोळावा: ०.३१ ग्रॅम जास्त.

पुसला. तोलला. उन्हात ठेवला. तोलला. ०.३१.

तराजूत दोष नाही. तराजू मी केला आहे.

२२ ऑगस्ट

लालसू: "माय पेज पिली." डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली.

२६ ऑगस्ट

आज रंजीतानं न विचारता सोळाव्या खणात तांदळाचा एक दाणा ठेवला. मी पाहिलं. काढला नाही.

३१ ऑगस्ट

अश्विनभाई आले. तक्ता वाचला, ठसे भिंगाखाली धरले, दोन तास बसले. मला 'सर' म्हणाले. मग सोळावा खण ओढला. "हा का रिकामा?"

मी तो हळूच आत सरकवला.

त्यांनी नाण्यांसकट पेटी मागितली, आजच्या आज उचलायला. नाही म्हणालो. सहा लाख चाळीस हजार देत होते.